रफार कोण चढवतं?

घरच्या कॉम्प्युटरवर लिबरऑफिस उघडा, नसेल तर कुठलाही ब्राउझर चालेल, आणि एकच शब्द मराठीत टाइप करा: वर्धा. आता शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस सावकाश, एकेकदा दाबा.

पहिल्यांदा काना जातो. पण त्याच्या डोक्यावर बसलेला रफार त्याच्याबरोबर जात नाही, तो सरकून ध वर येतो: वर्ध. दुसऱ्यांदा ध जातो, आणि आता नीट बघा. रफार गायब झाला आणि पाय मोडलेला एक र, व च्या शेजारी गुपचूप उभा राहिला: वर्. तिसऱ्या खेपेला तो मोडका पाय जातो आणि उरतो साधा सरळ ‘वर’.

म्हणजे तो र कुठे गेलाच नव्हता! व आणि ध यांच्या मध्ये, आपल्या जागेवर, तो सगळा वेळ होता. मग डोक्यावर दिसत होतं ते काय? आणि काना पुसल्याबरोबर रफाराला ध वर कुणी आणून बसवलं? आपण तर फक्त एक कळ दाबली.

कॉम्प्युटर अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो, हे आपण ऐकलेलं असतं. ‘वर्धा’साठी त्याने साठवलेले आकडे असे: २३५७, २३५२, २३८१, २३४३, २३६६. पहिला व चा, दुसरा र चा, तिसरा पाय मोडण्याच्या खुणेचा, चौथा ध चा, पाचवा कान्याचा. युनिकोड नावाच्या जागतिक तक्त्यात देवनागरीला १२८ जागांचा पट्टा मिळालेला आहे. १९९१ साली हा तक्ता पहिल्यांदा आला तेव्हा त्यातली मांडणी भारतात १९८८ मध्ये ठरलेल्या इस्की या मानकावरून घेतली होती. पण त्या पाच आकड्यांत रफार कुठे आहे? कुठेच नाही. १२८ जागांचा सगळा पट्टा धुंडाळा, रफाराला स्वतःचा क्रमांकच नाही. रफार, खालचा रकार, जोडाक्षरातला अर्धा ष, यांची जी रूपं आपण पडद्यावर बघतो ती साठवलेली नसतात. ती दर वेळी नव्याने घडवली जातात.

शाळेचा हजेरीपट आणि वर्गाचा ग्रुप फोटो आठवा. पटावर सगळे क्रमाने, एकाखाली एक. फोटोत मात्र उंच मुलं मागे, बुटकी पुढे, कुणी खुर्चीवर तर कुणी मांडी घालून. मुलं तीच, कुणी कुठे उभं राहायचं ते फोटोग्राफर सांगतो. आपली फाइल म्हणजे पट. पडदा म्हणजे फोटो.

हा फोटोग्राफर किती कसबी आहे ते पाहायला वर्धा जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. जिल्ह्याचे तालुके आठ: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. ही आठ नावं टाइप करा. वर्धा आणि आर्वी यांत र डोक्यावर चढतो. समुद्रपूरमध्ये तोच र, तीच पाय मोडण्याची खूण, फक्त क्रम उलटा, की र थेट द च्या पायाशी जाऊन बसतो. जिल्ह्यातल्याच सेवाग्राम गावातही तसंच, पण तिथे ग खाली रेघ निराळी बसते. हिंगणघाटात आपण ह आधी आणि वेलांटी नंतर टाइप करतो, पण वेलांटी उडी मारून ह च्या पुढ्यात येते. आष्टीत ष आणि ट एकमेकांत गुंततात. देवळीत ळ, कारंज्यात अनुस्वार. नवा फॉन्ट पारखायचा असेल तर ही आठ नावं कुठल्याही नमुना-मजकुरापेक्षा बरी, असं माझं मत.

एक खोडी मात्र त्यांत सापडत नाही, आणि तीच खास मराठी आहे. पवनारच्या आचार्यांना, म्हणजे विनोबांना, नमस्कार करायचा आणि लग्नातल्या आचाऱ्यांना मीठ कमी टाकायला सांगायचं, हे दोन्ही कॉम्प्युटरने न गोंधळता कसं लिहावं? दोन्हीकडे र आणि य च जुळतात! उपाय साधा आहे. मराठीच्या आडव्या र साठी युनिकोडमधलं ऱ हे वेगळं अक्षर वापरतात, क्रमांक २३५३. र चा पाय मोडून य लिहिला की रफार, ऱ चा पाय मोडून य लिहिला की आडवा र. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र जे च्या कळीवर आहे, ऱ शिफ्ट दाबून त्याच कळीवर, आणि पाय मोडायला डी. इनस्क्रिप्ट १९८६ पासूनचा आहे. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि भारतातल्या बहुतेक लिप्यांसाठी हीच मांडणी. विंडोजमध्ये, लिनक्समध्ये तो आधीपासूनच असतो. सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडली की झालं, काही विकत घ्यायचं नाही, उतरवायचंही नाही. ‘वर्धा’ म्हणजे बी, जे, डी, शिफ्टसह ओ, आणि ई. थोडे दिवस सराव केला की बोटं इंग्रजी स्पेलिंग विसरतात.

आता तो फोटोग्राफर कोण? फायरफॉक्समध्ये, क्रोममध्ये, लिबरऑफिसमध्ये आणि अँड्रॉइड फोनमध्ये हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव हार्फबझ. ते घडवण्यात सगळ्यात मोठा वाटा बेहदाद एस्फाहबोद या इराणी माणसाचा. फारसी लिहिताना प्रत्येक अक्षर शेजारी कोण आहे ते पाहून रूप बदलतं, तेव्हा या दुखण्याची जाण त्याला असणारच. हार्फबझ शब्दातले आकडे वाचतो, अक्षरांचे गट पाडतो, कुणाला पुढे-मागे न्यायचं ते ठरवतो आणि मग फॉन्टला विचारतो, ‘तुझ्याकडे ष आणि ट यांचं जोडरूप आहे का? रफाराची खूण कुठे टेकवू?’ फॉन्ट म्हणजे नुसती चित्रं नव्हेत, त्याच्या पोटात अशा प्रश्नांच्या उत्तरांचं पुस्तकच असतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ मंडळींनी केलेले मुक्त आणि बलू हे फॉन्ट अशा पुस्तकासकट फुकट मिळतात. वापरा, वाटा, लग्नपत्रिकेला लावा, परवानगी आधीच दिलेली आहे. हार्फबझचंही तसंच. त्याचा सगळा आराखडा खुला आहे, कुणीही वाचावा, दुरुस्त करावा. आपण फोनवर ‘आर्वीला पोचलो’ एवढं लिहितो, त्यामागे इतकं सगळं घडतं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत.

हे सगळं वर्ध्याच्याच संदर्भात का सांगतो आहे? कारण हेच कोडं ९० वर्षांपूर्वी वर्ध्यात उलट्या बाजूने सोडवायला घेतलं होतं.

१९३५ साली इंदूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरलं. नागरी लिपी सुधारण्याचं काम काकासाहेब कालेलकरांकडे आलं. पुढच्या वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. तेव्हाची अडचण खरी होती. छापखान्यात जुळाऱ्यापुढे इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खिळ्यांची केस मांडावी लागे, कारण प्रत्येक जोडाक्षराचा खिळा वेगळा. टाइपरायटरच्या कळांवर तर नव्वदेक खुणाच मावत. मग लिपीच छाटली तर? ओ आणि औ आपण अ ला काना-मात्रा देऊनच लिहितो ना, मग इ, ई, उ, ऊ, ए, ऐ यांना वेगळी चित्रं हवीत कशाला? अि, अी, अु, अू, अे, अै असं लिहा. सहा खिळे वाचले! रत्नागिरीत सावरकरांनीही हेच सुचवलं होतं, आणि पुढे पवनारला विनोबांनी अशाच सुधारित लिपीचा, लोकनागरीचा, आग्रह धरला. वर्ध्याच्या समितीने आपली पुस्तकं दीर्घकाळ या ‘अ च्या बाराखडी’त छापली. आजही जुन्या घरांतल्या माळ्यावर अशी पुस्तकं निघतात, आणि नातवंडं विचारतात की यात इतक्या चुका कशा?

ती योजना तर्काला धरून होती, पण शाळेच्या पाटीवर टिकली नाही. मला वाटतं, बरंच झालं. त्या काळी माणसाने यंत्राला सोयीचं लिहावं एवढाच मार्ग दिसत होता. आज यंत्रच आपल्याला सोयीचं वागायला शिकलं, आणि ज्यांनी त्याला शिकवलं त्यांनी त्याचे पैसेही मागितले नाहीत.

गंमत पुढेच आहे. हार्फबझला त्या जुन्या वळणाची अडचण नाही. अ टाइप करून त्याला वेलांटी द्या, ‘अि’ बिनतक्रार उमटेल. पण अ टाइप करून त्याला ओ ची मात्रा देऊन बघा. मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ येईल! का? कारण ते दिसायला हुबेहूब ‘ओ’ झालं असतं, पण पोटातले आकडे वेगळे राहिले असते. डोळ्याला एक आणि शोधणाऱ्याला दोन, असा घोटाळा होऊ नये म्हणून ती सूचना. मराठी बातम्यांत ‘ॲप’, ‘ॲसिड’ अशा शब्दांत हे वर्तुळ तुम्ही नक्की पाहिलं असेल. तिथे कुणीतरी अ वर वेगळा चंद्र टाइप केलेला असतो. मराठीच्या या अक्षराला, ॲ ला, २००८ पासून स्वतंत्र क्रमांक आहे, तोच वापरावा. सापडत नसेल तर इथून उचलून चिकटवा.

अ च्या बाराखडीतलं जुनं पुस्तक टाइप करून घेतलं असेल तर लिबरऑफिसमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, ‘शोधा आणि बदला’ची चौकट उघडेल. अि च्या जागी इ, अी च्या जागी ई, असे सहा बदल करा. आजच्या मराठीत अ नंतर या मात्रा येतच नाहीत, त्यामुळे चांगला शब्द चुकून बिघडायची भीती नाही. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा.

घरोघरचं दुसरं दुखणं म्हणजे डीटीपीच्या दुकानातून आलेल्या जुन्या फाइली. उघडावं तर ‘वर्धा’च्या जागी इंग्रजी ओ, तिरकी रेघ, के, के आणि झेड! फाइल बिघडलेली नाही. कृतिदेवसारख्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचे मुखवटे चढवलेले असतात: ओ म्हणजे व, तिरकी रेघ आणि के मिळून ध, पुढचा के म्हणजे काना, आणि झेड म्हणजे रफार, तोही शेवटी, कारण इथे जे दिसतं त्याच क्रमाने टाइप केलेलं असतं. फॉन्ट बदलून याचा उपयोग नाही, मुखवटा निघाला की खाली इंग्रजीच. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो. त्यासाठी फुकट साधनं आहेत. रूपांतर झाल्यावर रफार आणि वेलांट्या तेवढ्या डोळ्यांखालून घाला, चुका तिथेच होतात.

आणि छापील पान असेल तर? इथे मला सगळ्यात जास्त नवल वाटतं. टेसरॅक्ट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर पानाच्या चित्रातून मजकूर वाचतं. ह्युलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात ते घडलं, २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. देवनागरीपुढे जुन्या पद्धती अडखळत, कारण त्या एकेक अक्षर सुटं करू बघत आणि आपली शिरोरेषा तर सगळ्यांना बांधून ठेवते. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट अख्खी ओळ एकदम वाचतं. विचार करा, त्याला वेलांटी आधी दिसते आणि ह नंतर, पण लिहायचा असतो ह आधी. रफार दिसतो शेवटी, लिहायचा र मात्र ध च्याही आधी! ग्रुप फोटो बघून हजेरीपट तयार करण्यासारखं हे काम ते घरच्या साध्या कॉम्प्युटरवर, इंटरनेट बंद असतानाही करतं.

विंडोजवर नॅप्स-टू हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. ते स्कॅनरवरून पानं घेतं, सरळ करतं, एका पीडीएफमध्ये बांधतं आणि आतल्या आत टेसरॅक्टकडून वाचूनही घेतं. भाषांच्या यादीतून मराठी एकदा उतरवून घ्यावी लागते. मग पीडीएफमध्ये ‘सेवाग्राम’ शोधलं की ते पान समोर. अ च्या बाराखडीच्या पुस्तकांत ते चुकतं, तेव्हा प्रूफ वाचायची तयारी ठेवा.

तुमच्या माळ्यावर वर्ध्यात छापलेलं असं एखादं पुस्तक असेल तर ते रद्दीत घालू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. गांधीजींचं लेखन २००९ पासून सगळ्यांचं झालं, त्यांचे सहकारी किशोरलाल मश्रूवाला यांचं २०१३ पासून. अशी पुस्तकं मराठी विकिस्रोत या इंटरनेटवरच्या मुक्त ग्रंथालयात कुणालाही चढवता येतात. आधी एकच पान करून बघा. स्कॅन ३०० डीपीआयला घ्या, त्याहून कमी नको, नाहीतर अनुस्वार हरवतात.