चुन्याविना उभे राहिलेले बुरूज

इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या बारुमिनी गावाबाहेर एक टेकाड होतं. त्याच गावात जन्मलेले पुरातत्त्वज्ञ जोवान्नी लिल्लिऊ यांनी १९५०च्या दशकात ते खणलं आणि पोटातून गढीच निघाली: मधोमध तीन मजली बुरूज, भोवती चार बुरुजांचा कोट, अंगणात विहीर, बाहेर दगडी झोपड्यांची दाटी. हेच ‘सू नुराक्सी’. १९९७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

अशा बुरुजांना नुरागे म्हणतात. कांस्ययुगातले, म्हणजे साडेतीन हजार वर्षांच्या आसपासचे. बेटावर ते सुमारे ७,००० आहेत. काही धड उभे आहेत, बरेचसे नुसते ढिगारे.

चुना नाही, गारा नाही. आपल्या हेमाडपंती देवळांसारखं सगळं दगडाच्या वजनावर पेललेलं. फक्त इथे खालच्या थरांतले धोंडे ओबडधोबड, वर जाल तसे लहान आणि घडीव. प्रत्येक वर्तुळाकार थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवत नेला, की शेवटी माथा आपोआप मिटतो. लाकडी आढं लागत नाही, कमानही नाही. दारावरच्या आडव्या शिळेवर सगळा भार येऊ नये म्हणून तिच्या वर एक झरोका सोडलेला असतो. आत शिरलं की बोळाच्या एका अंगाला माणूस उभा राहील एवढा कोनाडा, दुसऱ्या अंगाला जिना. हा जिना भिंतीच्या जाडीतूनच वळत वर जातो. भिंत म्हणजे आतून-बाहेरून दोन दगडी कवचं. त्यांच्या पोटात जिना सहज मावतो.

हे बांधलं कशासाठी? किल्ला, कोठार, सरदाराचा वाडा, देऊळ, सगळं सुचवून झालंय. बांधणाऱ्यांनी लिहिलेलं काहीच मागे नाही. मला तर एकच उत्तर शोधणं चुकीचं वाटतं. शेकडो वर्षं वापरातली वास्तू एकाच कामाची कशी राहील? सू नुराक्सीच्याच कोटाला पुढे बाहेरून आणखी एक जाड भिंत चढवली आणि दार उंचावर नेलं. तिथे तरी मनात भीती असणार.

पुढे नवे बुरूज बांधणं थांबलं, पण त्यांचं महत्त्व गेलं नाही. आल्गेरोजवळच्या पाल्मावेरा इथे एका गोल खोलीत भिंतीलगत दगडी बाक आहे आणि मधोमध चक्क नुरागेचीच दगडी प्रतिकृती होती. अशा छोट्या प्रतिकृतींमुळेच मूळ बुरुजांचे हरवलेले माथे कळतात: वर घोड्यांवर, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या दगडी आधारांवर तोललेला, भिंतीबाहेर झुकलेला सज्जा. सू नुराक्सीच्या पायथ्याशी हे घोडे पडलेले सापडलेही.