मासळीपायी मोडलेला घरोबा
युरोपशी काडीमोड म्हटलं की ब्रिटन आठवतो. पण ग्रीनलंडने तो कितीतरी आधी घेतला होता. १९७३ मध्ये डेन्मार्क युरोपीय आर्थिक समुदायात शिरला, त्यामागे त्याच्या अखत्यारीतल्या ग्रीनलंडची फरपट झाली. तिथल्या सुमारे ७० टक्के मतदारांनी आदल्याच वर्षी नकार दिला होता! खरं दुखणं मासळीचं: समुद्र आपला, ट्रॉलर परक्यांचे आणि कोटा ठरणार ब्रसेल्समध्ये. १९७९ मध्ये डेन्मार्ककडून स्वशासन मिळालं. तिथल्या सियुमुत पक्षाला समुदायातून बाहेर पडायचं होतं, अतासुतला राहायचं. १९८२ च्या सार्वमतात जेमतेम ५३ टक्के मतं ‘बाहेर’च्या बाजूने पडली. १ फेब्रुवारी १९८५ रोजी सुटका झाली, तीही चोख व्यवहार करून: युरोपीय बोटींना मासेमारीची मुभा, बदल्यात रोख मोबदला आणि ग्रीनलंडच्या मासळीला युरोपात जकातमुक्त बाजार.