खणाखणांचं माळवद

सोलापूर जिल्ह्यात जुन्या माणसाला घर केवढं होतं म्हणून विचारा. उत्तर चौरस फुटांत येत नाही. पाच खणांचं, सात खणांचं असं येतं. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. सुताराचा हिशेब त्यावर, लाकडाची मोजणी त्यावर आणि घरधन्याची ऐपतही त्यावरच.

बार्शी, मोहोळ, अक्कलकोट भागातल्या जुन्या गावठाणांत अशी माळवदाची, म्हणजे सपाट मातीच्या छताची, घरं अजून दिसतात. दगडी तळखड्यावर खांब उभा. त्याच्या डोक्याला सुतारानं पटाशीनं कोरून काढलेलं कुसू. ते वरच्या लाकडाच्या भोकात घट्ट बसलं पाहिजे. सैल राहिलं तर पाचर मारायची. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर दाटीनं किलच, त्यावर पाला किंवा तुराट्या आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती पावसाचं पाणी सहजी आत झिरपू देत नाही. उतार पन्हाळाकडे आणि मधोमध उजेडाला, धुराला एक सानं.

पर्जन्यछायेतल्या मुलखाला हे छप्पर शोभून दिसतं. मे महिन्यात पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा जाड मातीखाली गारवा असतो. वर ज्वारी वाळते, रात्री अंथरुणं पडतात. कोकणातल्या पावसात मात्र याचा चिखल होईल.

दोष होता तो वजनात. गळतंय म्हटलं की जुन्या मातीवर नवी माती, असं वर्षानुवर्षं चाललं आणि फूटभराचा थर दोन फुटांवर गेला. भिंतीही फसव्या: बाहेरून घडीव दगड, आतून ओबडधोबड, मध्ये चिखल नि कपच्यांची भर. दोन्ही बाजूंना जखडणारे आरपार दगड गवंड्यानं घातलेच नाहीत, तर भिंत म्हणजे शेजारी उभ्या केलेल्या दोन राशी.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हे दोष उघडे पडले. लातूर-उस्मानाबादेत सुमारे 8 हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक या दगडामातीखाली. हादरे सोलापूर जिल्ह्यालाही बसले. जिथं खांब-तुळयांचा सांगाडा धड होता, तिथं भिंती ढासळूनही कितीतरी छतं जागेवर राहिली. सुताराचं काम टिकलं, गवंड्याचं कोसळलं, असं म्हणणं कठोर आहे, पण खोटं नाही. पुढं लोकांनी माळवदाची धास्ती घेतली आणि पत्रा किंवा स्लॅब जवळ केला. पत्र्याखालचा सोलापुरी उन्हाळा काय असतो, ते राहणाऱ्याला विचारा.

तुमच्या गावी माळवद उभं असेल, तर पावसाळ्याआधी नवी माती टाकण्यापूर्वी जुनी खरवडून उतरवा, आणि तुळईचं भिंतीत गेलेलं टोक वाळवीनं पोखरलंय का, तेवढं ठोकून पाहा.