आकाशवाणीतले मुक्तिबोध आणि त्यांचे अघटित

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १९४८च्या जुलैत सुरू झाले. त्याच वर्षी गजानन माधव मुक्तिबोध नोकरीच्या निमित्ताने या शहरात आले. आधी सरकारच्या माहिती खात्यात आणि पुढे १९५४च्या सुमारास आकाशवाणीच्या हिंदी वृत्तविभागात त्यांनी काम केले. दिवसा बातम्या आणि रात्री शुक्रवारी, गणेशपेठेच्या बाजूच्या भाड्याच्या घरात कविता-कथा, असा तो क्रम होता. हिंदी साहित्यात 'फँटसी' हा शब्द त्यांच्या नावाशी असा जोडला गेला, की तिथले विद्यार्थी दोन्ही एकत्रच शिकतात. आपल्याकडे मात्र मुक्तिबोध म्हटले की पुष्कळांना आधी शरच्चंद्र आठवतात, आणि तेही ज्यांना आठवतात त्यांना.

हे दोघे सख्खे भाऊ. घर मराठी. वडील माधवराव ग्वाल्हेर संस्थानात पोलीस खात्यात होते. गजाननरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूरला झाला. आई हरिभाऊ आपटे आणि प्रेमचंद दोघांनाही मानणारी होती, आणि आपल्याला प्रेमचंदांचा भक्त तिनेच केले, असे गजाननरावांनी लिहून ठेवले आहे. थोरल्याने हिंदी धरली, धाकट्याने मराठी. 'नवी मळवाट' आणि 'क्षिप्रा' लिहिणाऱ्या शरच्चंद्रांना १९७९ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच घरातल्या दोन भावांनी दोन भाषांमध्ये नवकविता घडवावी आणि दोघांचीही बरीच वर्षे नागपुरात जावीत, या योगायोगाकडे आपण जितके पाहायला हवे होते तितके पाहिले नाही.

रेडिओची बातमी ही कानासाठी लिहिलेली असते. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही, म्हणून वाक्य सरळ हवे, कोण आणि काय हे चटकन कळायला हवे, आवाज चढता कामा नये. मुक्तिबोधांच्या कथा वाचताना ही शिस्त आठवते. 'समझौता' ही कथा घ्या. नोकरीच्या शोधात निघालेल्या माणसाला मारझोड करून अस्वलाचे कातडे चढवले जाते आणि सर्कशीत उभे केले जाते. एक दिवस सिंह अंगावर झेप घेतो. आता संपलेच, असे वाटत असताना सिंह त्याच्या कानाशी सांगतो की घाबरू नकोस, मीही तुझ्यासारखाच माणूस आहे, फक्त माझे कातडे सिंहाचे आहे. हे सगळे एक साहेब आपल्या हाताखालच्या माणसाला समजुतीच्या सुरात सांगतो आहे. कचेरीत बदली किंवा मेमो यांविषयी बोलावे तसे. कथेतली भीती त्या सुरातून येते. सर्कस निमित्त आहे.

'पक्षी और दीमक'मधला पक्षी गाडीवाल्याकडून वाळवी विकत घेतो आणि मोल म्हणून आपले एकेक पीस देतो. उडता येईनासे झाल्यावर तो वाळवी गोळा करून पिसे परत मागायला जातो. गाडीवाला म्हणतो, मी पिसे घेऊन वाळवी देतो, वाळवी घेऊन पिसे देत नाही. 'ब्रह्मराक्षस का शिष्य'मध्ये बारा वर्षे विद्या दिलेला गुरू शेवटच्या जेवणाला खिचडीवर तूप हवे म्हणून बसल्या जागेवरून हात लांबवतो, आणि तो हात वाढत वाढत दुसऱ्या खोलीत जातो. इतकी घरगुती भुताटकी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

अघटित सांगताना आवाज जराही न बदलणे ही युक्ती आज पॉडकास्टमुळे जगभर लोकप्रिय आहे. अमेरिकेत जोसेफ फिंक आणि जेफ्री क्रेनर यांनी २०१२ साली 'वेलकम टू नाइट व्हेल' सुरू केले. वाळवंटातल्या एका गावाचा रेडिओ निवेदक नेहमीच्या स्थानिक बातम्या द्याव्यात तशा भयंकर गोष्टी सांगतो, आणि हवामानाची वेळ झाली की गाणे लागते. त्यातून पुढे कादंबऱ्याही झाल्या. मुक्तिबोधांचा मार्ग याहून वेगळा, आणि माझ्या मते अधिक अवघड. फिंक-क्रेनर रेडिओचे रूपच उसने घेतात. मुक्तिबोध प्रत्यक्ष वृत्तविभागात बसत होते, आणि तिथून जे सांगता येत नव्हते ते त्यांनी कथा-कवितेत नेले.

हवामानाचा उल्लेख आला म्हणून 'क्लॉड ईथरली'. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पुढे जाऊन आकाश निरभ्र असल्याचे कळवणाऱ्या विमानाचा हा वैमानिक. पुढे अपराधभावाने तो खचला आणि मनोरुग्णालयात गेला. मुक्तिबोधांच्या कथेत निवेदकाला कळते की ईथरली आपल्याच शहरातल्या वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेला आहे. हे सांगणारा माणूस गुप्तहेर आहे, आणि भारतातल्या प्रत्येक शहरात एक अमेरिका आहे हे तो त्याला पटवून देतो. कथेत गावाचे नाव नाही. पण पागलखाना चौकातून रोज जाणाऱ्या नागपूरकराला ते विचारावे लागणार नाही.

फँटसी म्हणजे वास्तवापासून पळ, हा आरोप त्यांच्यावर हयातीतच झाला. त्याचे उत्तर 'एक साहित्यिक की डायरी'तल्या 'तीसरा क्षण' या लेखात आहे. त्यांच्या मते निर्मितीचे तीन क्षण असतात. पहिला तीव्र अनुभवाचा. दुसऱ्यात तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांपुढे उभ्या राहणाऱ्या फँटसीचे रूप घेतो. तिसऱ्यात ती फँटसी शब्दांत उतरू लागते आणि उतरता उतरता बदलत जाते. म्हणजे फँटसी अनुभवातूनच निघते, आणि लेखकाला स्वतःच्या दुःखाकडे जरा लांबून पाहायला जागा देते.

'अँधेरे में' ही दीर्घ कविता या विचाराची कसोटी आहे. तिची सुरुवात ऐकण्याने होते. अंधाऱ्या खोल्यांत कुणाची तरी पावले वाजतात, माणूस दिसत नाही. मग दाराची कडी वाजते. पुढे मध्यरात्री बँड वाजवत मिरवणूक येते. तिच्यात सेनाधिकारी, मंत्री, उद्योगपती, नामांकित कवी आणि समीक्षक आहेत, आणि त्यांच्याच रांगेत शहराचा कुप्रसिद्ध खुनी डोमाजी उस्ताद आहे. डोमाजी हे आपल्या विदर्भातले नाव आणि उस्ताद हा आखाड्यातला शब्द. हिंदी वाचकाला हे नाव प्रतीक वाटते. इथल्या वाचकाला ते शेजारच्या वस्तीतले वाटते. लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याच्या नाकातून रक्त येते, तेव्हा महालातला टिळक पुतळा डोळ्यांसमोर येतो. तळ्याचा काळोख वाचताना शुक्रवारी तलाव आठवतो. कविता नागपूरची आहे असा दावा इथे नाही. पण तिच्यात नागपूर ओळखू येते, आणि ते मराठीत कुणीतरी सांगायला हवे.

१९५६च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना होऊन राजधानी भोपाळला गेली. त्याच सुमारास मुक्तिबोधांनी आकाशवाणी सोडली आणि इथल्या 'नया खून' या साप्ताहिकाचे संपादन घेतले. राजकीय लेखनासाठी 'यौगंधरायण', 'अवंतीलाल गुप्त' अशी टोपणनावे त्यांनी वापरली. यातले पहिले नाव भासाच्या नाटकातल्या, वेड्याचे सोंग घेणाऱ्या मंत्र्याचे. १९५८ साली ते राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला गेले. १९६२ साली त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली आणि तो घाव खोल गेला.

पुस्तकांचा हिशेब मात्र उदास करणारा आहे. १९४३च्या 'तार सप्तक'मध्ये कविता आल्या असूनही त्यांचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह त्यांना पाहता आला नाही. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत ते गेले. त्याच वर्षी 'चाँद का मुँह टेढ़ा है' निघाले. 'काठ का सपना' १९६७ साली, 'विपात्र' १९७० साली, 'सतह से उठता आदमी' १९७१ साली आले. मणि कौल यांनी या शेवटच्या पुस्तकाचे नाव घेऊन १९८० साली चित्रपट केला आणि त्याच वर्षी सहा खंडांची 'रचनावली' आली.

'अँधेरे में' हैदराबादच्या 'कल्पना' मासिकात छापून आली ती नोव्हेंबर १९६४च्या अंकात, कवी जाऊन दोन महिने झाल्यावर.