दरीत उतरणे सोपे. हिशेब हवा परतीचा!

मुरुड (जि. लातूर) : थंडी पडू लागली, की शनिवार-रविवारची सुटी साधून सह्याद्रीची वाट धरणाऱ्यांत मराठवाड्यातील तरुणही असतात. त्यांना खुणावणारे एक ठिकाण म्हणजे सांदण दरी. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणाच्या परिसरात साम्रद हे गाव आहे. गावापासून थोडे चालले, की जमीन दुभंगल्यासारखी दिसते आणि पाऊलवाट त्या भेगेत उतरते. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच कातळभिंती आणि मधे काही ठिकाणी जेमतेम एक माणूस जाईल एवढीच जागा. माध्यान्हीचा काही काळ सोडला, तर तळाशी ऊन पोहोचत नाही.

अशी दरी डोंगर चढण्याची सवय असलेल्यांनाही चकवते. गडावर जाताना आधी चढ लागतो. दम संपला, तर माणूस मागे फिरतो आणि उतार त्याला पायथ्याशी आणून सोडतो. दरीत हा क्रम उलटा असतो. पाय ताजे असताना उतार मिळतो. चढ वाट्याला येतो तो ऊन वाढल्यावर आणि पाणी संपत आल्यावर.

दरी घडली कशी?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्हारसाचे थर एकावर एक साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. लातूरच्या काळ्या मातीखालचा बसाल्ट आणि सांदणचा कातळ हे या एकाच प्रक्रियेचे अपत्य. सह्याद्रीच्या कड्यावर कोसळणाऱ्या पावसाने कातळातील कमकुवत भेगा कोरत नेल्या आणि अशा अरुंद घळी घडल्या.

अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशात कोलोरॅडो नदीने कोरलेली ग्रँड कॅनियन ही दरी सुमारे दीड किलोमीटर खोल आहे. तिच्या तळाशी उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. काठावर हवा सुखद असल्याने पर्यटक उत्साहाने उतरतात आणि परतीच्या चढावर उष्माघाताला बळी पडतात. त्यामुळे एकाच दिवसात नदीपर्यंत उतरून परत येण्याचा प्रयत्न करू नये, असा स्पष्ट इशारा तेथील राष्ट्रीय उद्यान प्रशासन देते.

मागे फिरायचे कोठे?

सांदणमध्ये सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात. पाणी कमरेपर्यंत आणि बर्फासारखे गार असू शकते. पुढे मोठमोठ्या शिळांवरून तोल सांभाळत जावे लागते. वाट कड्याशी येऊन थांबते, तेथून दोराच्या साहाय्यानेच (रॅपलिंग) खाली उतरता येते. निर्णयाची जागा हीच. एकदा दोर खाली ओढून घेतला, की आल्या वाटेने परतणे शक्य नसते. त्यानंतर कोकणाच्या बाजूला डेहण्याकडे उतरायचे किंवा करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढून यायचे. रॅपलिंगची साधने व अनुभवी वाटाड्या नसेल, तर पहिल्या कड्यापासूनच माघारी वळणे शहाणपणाचे.

मुरुड-लातूरकडून जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रात्रभर गाडीने प्रवास करून पहाटे थेट दरीत उतरणे धोक्याचे आहे. झोप अपुरी असली, की शिळांवर पाय घसरतो आणि दोरावर चूक होते. आदल्या दिवशीच गावात पोहोचून मुक्काम करणे उत्तम.

पाण्याचा हिशेब

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाण्याचे मोल लातूरकरांना सांगायला नको. दरीत मात्र तेच विसरले जाते. दिवसभराच्या वाटचालीसाठी प्रत्येकाने किमान तीन ते चार लिटर पाणी स्वतःजवळ ठेवावे. निम्मे पाणी संपण्याआधी परतीला लागावे. घामावाटे क्षारही जातात, म्हणून नुसते पाणी पीत राहणेही घातक ठरू शकते. सोबत जलसंजीवनी, लिंबू-साखर-मीठ किंवा खारे शेंगदाणे असावेत. डोकेदुखी, मळमळ, भोवळ जाणवली, तर सावलीत थांबावे. बोलण्यात असंबद्धता आली, तर तो उष्माघात समजून अंग ओले करावे, वारा घालावा आणि तातडीने मदत मागवावी.

आभाळ निरभ्र, तरीही धोका

पाण्याचा अभाव जितका घातक, तितकाच पाण्याचा लोंढाही. ॲरिझोनातीलच अँटिलोप कॅनियन या अरुंद दरीत १२ ऑगस्ट १९९७ रोजी पुराच्या लोंढ्यात अकरा पर्यटकांचा मृत्यू झाला. पाऊस पडला होता तो दूर, वरच्या भागात. अरुंद दरीत पाणी पसरायला जागा नसल्याने त्याची पातळी झपाट्याने वाढते आणि उभ्या भिंतींवर चढून जाता येत नाही. म्हणूनच पावसाळ्यात सांदणमध्ये उतरणे कटाक्षाने टाळावे. डिसेंबर ते मार्च हा काळ त्यातल्या त्यात योग्य. अवकाळी पावसाचा अंदाज असेल, तर तेव्हाही बेत पुढे ढकलावा.

दरीत मोबाईलला रेंज मिळेलच, असे नाही. निघताना कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी व साम्रदमधील ग्रामस्थांना सांगून ठेवावे. ठरलेल्या वेळी आपण परतलो नाही, तर शोध नेमका कोठून सुरू करायचा, हे कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे.