गिअर बदलण्याची खूण

चारठाण्याहून जिंतूरकडे निघालेली जुनी मोटार पहिल्या गिअरमध्ये मोठ्याने गुरगुरते. तिचा वेग मात्र बेताचाच असतो. कारण खालच्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा होईपर्यंत इंजिनाला कितीतरी फेरे घ्यावे लागतात. गाडी हलविताना किंवा चढावर हे बळ हवेच. सपाट रस्त्यावर मात्र त्यापायी पेट्रोल वाया जाते. मुरलेला चालक हे केवळ कानाने ओळखतो. नवशिक्याचा कान तितका तयार नसतो. शिवाय अनेक जुन्या मोटारींत इंजिनाचे फेरे दाखविणारी तबकडीही नसे.

ही उणीव एका लहानशा दिव्याने भरून काढली. १९८० नंतरच्या दशकात फोक्सवॅगनच्या काही मोटारींत, तसेच अमेरिकेतील अनेक मोटारींत तो बसविण्यात आला. इंजिनाचे फेरे व त्यावरील भार पाहता वरचा गिअर सोसेल असे ठरले, की चालकासमोर बाण उजळतो. गिअर वेळीच बदलला म्हणजे फेरे घटतात आणि इंधन वाचते. युरोपीय संघाने तर २०१२ पासून हाताने गिअर बदलण्याच्या नव्या नमुन्याच्या मोटारींना अशी खूण सक्तीची केली.

तरी हा दिवा आंधळाच. पुढचा चढ, आडवे आलेले वासरू त्याला दिसत नाही. जिंतूरजवळच्या नेमगिरीसारख्या टेकडीच्या पायथ्याशी त्याचे ऐकून वरचा गिअर टाकला, तर मध्यावर इंजिन धापा टाकू लागते, क्वचित बंदही पडते. मग मागे घसरू पाहणारी मोटार ब्रेकवर धरून पुन्हा पहिल्या गिअरपासून आरंभ करावा लागतो.