हिरवे ते सगळे रान नव्हे

गेल्या श्रावणात नातवाला घेऊन औंधच्या मूळपीठ डोंगरावर यमाईच्या दर्शनाला गेलो होतो. पायऱ्यांवर दम खाताना त्याने दूरच्या टेकड्यांकडे बोट दाखवले. ‘आजोबा, ते जंगल आहे का?’ प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना मी अडखळलो.

खटाव-माणचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. आमच्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; इकडे ५०० च्या आसपास. त्यामुळे इथले मूळचे रान म्हणजे कुसळी गवताचा माळ आणि त्यात विखुरलेल्या बाभळी, बोरी, हिवर, खैर. दिसायला उजाड, पण मेंढरांना चारा आणि सशा-लांडग्यांना आसरा देणारे. लाकूडही त्यातूनच मिळे. नांगर बाभळीचा, गाडीचे चाकही बाभळीचे. पुढे १९१० साली याच औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरांचा कारखाना आणला आणि बाभळीचे एक काम कमी झाले.

लागवडीची गोष्ट वेगळी. नीलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. सुबाभूळ आणि गिरिपुष्प मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. ही झाडे झपाट्याने वाढतात. गिरिपुष्पाला शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून टेकडी लवकर हिरवी होते. पण सावली दाट झाली की खालचे गवत जाते आणि गवताबरोबर मेंढपाळाचा चाराही.

यात मोजणीचीही गंमत आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांची छाया १० टक्के असली, की ती जागा वनाच्छादनात धरते. मग तिथे नीलगिरी असो की आमराई. विरळ झाडांचा माळ मात्र या मोजणीतून सुटतो, ‘पडीक’ ठरतो आणि पावसाळा आला की त्यात खड्डे खणले जातात.

मग लाकूड नको का? हवेच. घराला चौकट लागते, शाळेला बाके, वहीला कागद. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने सांगितले, की उद्योगांनी आपला कच्चा माल जंगलातून नव्हे, तर शेतकऱ्यांच्या लागवडीतून मिळवावा. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर कडक बंधने घातली. तेव्हापासून बाहेरच्या लाकडावरची आपली भिस्त वाढली. म्यानमारचे सागवान आले, न्यूझीलंडचे पाइन आले. म्यानमारने २०१४ साली ओंडक्यांची निर्यात थांबवली, तेव्हा परक्या लाकडाचा भरवसा किती, तेही कळले.

म्हणून लाकडासाठी झाडे जरूर लावावीत. पण बांधावर, स्वतःच्या शेतात, तोडायचीच म्हणून. ते पीक आहे. माळ मात्र माळच राहू द्यावा. त्याला खड्डा नको, राखण हवी.

नातवाला मी एवढेच म्हणालो, ‘बाळा, खाली गवत आहे का ते आधी बघ. मग सांगतो.’